चौथ्या दिवशी ‘नळ आले’

लिंबू-मिरची पडलेली दिसली तर वळसा न घालता वरून जाणारा मी माणूस. आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून मला भलत्याच रांगेत बसवाल.

आम्ही लातूरचे. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतात. कॅलेंडरवर मी खूण करतो. मार्च महिना, पाणी येऊन गेल्याचा चौथा दिवस होता, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. पुढच्या खोलीत बीपी मोजत होतो — १३८/८६, नाडी ७४. पट्टा दंडावरच... आणि मागून स्पष्ट ऐकू आलं, “नळ आले!”

चौथ्या दिवशी कसे येतील? पण हा विचार नंतरचा. आमच्याकडं पाय आधी पळतात. मशीन हातात धरून मी मागच्या अंगणात गेलो.

नळ कोरडा. ड्रमखालची वीट सरकली होती आणि बूच लावलेला, दोनशे लिटरचा भरला ड्रम कलून माझी बायको सुनंदा भिंतीशी चेपली गेली होती. ओठ निळे. आवाज नाही.

मी ड्रम सरळ केला — एकट्यानं! माझं वजन ५८ किलो. कललेला ड्रम उभा करायला सगळं वजन उचलावं लागत नाही, मान्य. पण दवाखान्यातून आल्यावर वीट बसवायला शेजारचे रशीदभाई आणि मी, दोघांनी जोर लावला, तसूभर हलला नाही. त्या दुपारी रिक्षा येईपर्यंत दंडावरच्या मशीनचं बटण दाबलं. माझी नाडी १४९.

डॉक्टर म्हणाले, “अ‍ॅड्रेनालिन. संकटात ते एकदम वाढतं, अंगात बळ येतं. वीट घसरल्याचा आवाज झाला असेल, ताणाखालच्या मेंदूनं त्यात ओळखीचे शब्द ऐकले.”

पटलं मला. अगदी पटलं. तेवढ्यात सोबत आलेल्या रशीदभाईंच्या घरच्या, जुबेदाआपा, म्हणाल्या, “मग मला कसं ऐकू आलं, डॉक्टरसाब? मी घागर घेऊन नळाखाली बसले की. वाटलं, भाऊच वरडले.”

“मी न्हाई वरडलो, आपा.”

“मग कोण वरडलं?”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “दोन घरांत एकच भास... हे हार्मोनमध्ये बसत नाही.”

दोन बरगड्या तडकल्या होत्या. आठवड्यानं सुनंदा नीट बोलायला लागली, तेव्हा विचारलं, “तू हाक मारली होतीस का?”

“दमच निघत न्हवता, हाक कुठली? मनात आलं होतं फक्त.”

“काय?”

“माझ्या हाकेला तुम्ही ‘हाव, आलो’ म्हणता अन् तिथंच बसून राहता. म्हटलं, नळ आले म्हणून वरडता आलं असतं, तर पळत आले असते.”

हल्ली तिनं नुसतं ‘अहो’ म्हटलं तरी मी उठतो.