शिरगावची भाकरी आणि वीस सेकंद

भाचीच्या विरुद्ध मी साक्ष दिली, असं आमच्या नात्यात पसरलं आहे. साक्ष दिली हे खरं, विरुद्ध दिली हे खोटं. नऊ जणांना फोनवर समजावून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. पालघरकडे सायकल शर्यत बघायला जाणाऱ्यांना यातली रस्त्याची माहितीही कामाला येईल.

सायली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती एका व्यावसायिक संघाकडून सायकल चालवते. तीच तिची नोकरी. यंदा करार संपत होता. पालघरच्या शर्यतीचे तीन दिवस, तीन टप्पे, तिन्हींची वेळ मिळवून ती पहिल्या दहांत आली तर करार पुढे चालू, नाहीतर नाही, असं मॅनेजरने तिला स्वच्छ सांगितलं होतं. बहिणीला हे बघवत नाही, म्हणून मी गेले.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. गाडी मीच चालवते. थांबे धरून पाच तास लागले. जव्हारला चहा घ्या. पुढे मनोरपर्यंत मला बरा चहा मिळाला नाही. पालघर स्टेशनजवळ लॉजवर खोली बाराशे रुपये, चादरी स्वच्छ. गरम पाणी सातनंतर, असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. मी साडेसहाला मागितलं आणि मिळालं.

पहिला टप्पा पालघर-मनोर-पालघर, असा दोनदा. बघायचं असेल तर वाघोबा खिंडीत उभं राहा. सपाटीवर सायकली डोळ्यांसमोरून निघून जातात आणि आपण एवढ्या लांबून काय पाहायला आलो असा प्रश्न पडतो. चढावर चेहरे दिसतात. हातातली पिशवी माकडांपासून सांभाळा. सायली नववी आली.

दुपारी वेळ होता म्हणून शिरगावचा किल्ला पाहिला. तो लहान आहे, तासाभरात होतो. परतताना एका घरापुढे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवरून वाळलेले बोंबील उतरवणं चाललं होतं. मी अर्धा किलो घेतले. देणारीचं नाव हिराबाई, साठीच्या आसपासची. उद्या याच रस्त्याने मुली सायकलवर जाणार हे तिला ठाऊक होतं.

"किती लांब जातात गो बाय?" तिने विचारलं.

"शंभराच्या वर किलोमीटर."

"नि जेवतात कवा?"

"चालत्या सायकलवर. रस्त्याकडेला माणूस पिशवी धरून उभा असतो. मुली ती तशीच ओढून घेतात."

"पडत नाय?"

पिशवी न पडता कशी देतात हे मी दाखवलं. माझी कापडी पिशवी हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. हात सरळ, बोटं ढिली, तिने धरलं की सोडायचं. हिराबाईची जाऊ धावत आली आणि पिशवी ओढून पुढे गेली. मग हिराबाई उभी राहिली, जाऊ पुन्हा धावली.

"ए, घट धरू नको, तुजा नवरा हाय काय तो," जाऊ म्हणाली आणि सगळ्या हसल्या. चार-पाच वेळा सराव झाला.

एक गोष्ट मी सांगितली नाही. खाणं कुठेही देता येत नाही. रस्त्यावर दोन पाट्या असतात आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यातच द्यावं लागतं. बाहेर दिलं तर खेळाडूला वीस सेकंदांचा दंड. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तीस वर्षं मी सूचना शेवटपर्यंत वाचून दाखवल्या. इथे अर्धीच वाचली.

दुसऱ्या दिवशी पालघर, केळवे, माहीम अशा तीन फेऱ्या, मग शिरगाव आणि आत वळून बोईसरवरून तारापूर. खाण्याचा पट्टा माहीमच्या बाजूला होता, शिरगावच्या अलीकडे. मी हिराबाईच्या घरापाशी पोहोचले तर सहा बाया ओळीने उभ्या. प्रत्येकीच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी.

"हिराबाई, हे काय?"

"भाकरी. दारावरनं पोरी उपाशी जातील काय?"

"अहो, इथे द्यायचं नसतं," मी म्हटलं, तोवर पहिल्या सायकली वळणावर आल्या. पुढच्या कुणी बघितलंही नाही. सायली घोळक्याच्या अगदी शेवटी होती, मान खाली. पान दिसताच तिने हात लांब केला. हिराबाईचा हात सरळ होता, बोटं ढिली. एवढी स्वच्छ देवाणघेवाण मी संघांच्या माणसांकडूनही पाहिली नव्हती. मागच्या मोटरसायकलवरच्या पंचाने वही काढली.

तारापूरला निकाल लागला. दोन्ही टप्प्यांची वेळ मिळवून, दंड धरून सायली बारावी. दहाव्या मुलीच्या मागे सहा सेकंद. मॅनेजरने अपील केलं, की गावकऱ्यांनी बळेच हातात कोंबलं, खेळाडूचा दोष नाही. पाहिलेलं कोण, तर मी.

तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, इतकंच सांगा, गाववाल्यांनी स्वतःहून केलं."

"ते खरं नाही."

"अगदी खोटंही नाही ना."

"असली वाक्यं मी तीस वर्षं ऐकली आहेत," मी म्हटलं आणि पंचांकडे कागद मागून पाहिलं ते लिहून दिलं. अपील फेटाळलं गेलं.

संध्याकाळी बोईसरच्या एका साध्या खानावळीत सायलीसमोर बसले. सुरमई थाळी अडीचशे रुपये, सोलकढी पातळ. ती रागावेल अशी माझी तयारी होती.

"मावशी, पट्ट्यात माझी पिशवी पडली. दुसरीचा धक्का लागला. शिरगावपर्यंत पायांत काही उरलंच नव्हतं. तशीच गेले असते तर चार मिनिटं मागे पडले असते. वीस सेकंदांत भाकरी म्हणजे स्वस्तच."

"म्हणजे नियम माहीत असून घेतलीस."

"हो."

"मला हे पटत नाही."

"ते मला माहीत आहे. चटणी मस्त होती. हँडलला अजून बोंबलाचा वास येतोय, शेजारी कुणी सायकल लावत नाही."

"मी लिहून दिलं त्याचं काय?"

"तू दिलं नसतंस तर मी दिलं असतं. तुझ्याच हाताखाली अभ्यास केलाय." आणि तिने माझ्या ताटातला भात घेतला.

तिसरा टप्पा बोईसरच्या कारखान्यांमधल्या रस्त्यांवर, फेऱ्यांचा. बघायला हाच सर्वांत सोयीचा. एका जागी उभं राहून सगळं दिसतं. पाळी सुटलेले कामगार दोन्ही बाजूंना दाटून उभे होते. "ये लोग इतना भाग के जाते कहाँ हैं?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "वहीं, जहाँ से चले थे. हमारे जैसे."

या फेऱ्यांत मधल्या एका रेषेवर पहिली येईल तिला तीन सेकंद सूट मिळते, शेवटच्या रेषेवर तिसरीला चार. मधली रेषा सायलीने घेतली. तीन झाले. मी त्या दोघांना हिशेब समजावला, मग ते माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडू लागले. शेवटच्या वळणावर ती सहावी होती. सरळ रस्त्यात पाचवी, चौथी, आणि रेषेवर जेमतेम एका चाकाने तिसरी. सात सेकंद. ती दहावी आली, एका सेकंदाने.

परत निघताना शिरगावात उतरले. हिराबाईला सगळं सांगणं भाग होतं.

"आमच्यापायी दंड झाला?" तिचा चेहरा उतरला.

"तुमच्यापायी नाही, माझ्यापायी. भाकरीने ती वाचली."

"वीस सेकंद म्हंजे किती गो?"

"आपलं आत्ता हे बोलणं झालं, साधारण तेवढे."

"नि तेवढ्यासाठी वहीत लिवलं," ती जावेला म्हणाली. दोघींना हसायला हे बराच वेळ पुरलं.

घरी आल्यावर आठवड्यात सायलीचा करार झाला. बहीण अजून माझ्याशी मोजकं बोलते. हे वाचून बोलेल. नियम माहीत असून मोडणं मला आजही पटत नाही. पण ती भाकरी पुन्हा कुणी पुढे केली, तर सायलीने घेऊ नये असं माझ्याने म्हणवणार नाही. या दोन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत, हे मला दिसतं. पंचांना लिहून दिलेल्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे. ती अशी:

दुसरा टप्पा, शिरगाव, पट्टा संपल्याच्या पाटीनंतर.
देणार : हिराबाई, राहणार शिरगाव.
घेणार : सायली. हात तिने स्वतः पुढे केला.
वस्तू : तांदळाची भाकरी, नग एक, आत सुक्या बोंबलाची चटणी, केळीच्या पानात.
कशी द्यावी हे शिकवणारी : मी. कुठे द्यावी हे न सांगणारी : मीच.