ही कुणावर गेली?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. परळीच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला आणि दर मार्चमध्ये दहावीच्या वर्गात उभी राहून कॉप्या पकडल्या. बाकीच्या बाया टेबलाशी बसून स्वेटर विणायच्या. मी नेहमी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहायचे. मागून पोरांना आपली नजर कळत नाही आणि आपल्याला त्यांच्या माना दिसतात. ज्याच्या बाहीत चिठ्ठी आहे त्याची मान ताठ होते, आणि मान काही लपवू शकत नाही असं माझं पक्कं मत होतं. पोरं मला फौजदारीण म्हणायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

तर अशा माणसाला लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, शनिवारी पुण्याला येशील? इथं आफ्रिकेच्या कलांचा महोत्सव आहे. माझंही काम आहे त्यात. तू यायलाच पाहिजेस."

दोन दिवाळ्या ही मुलगी घरी आली नव्हती. फोनवर 'बरी आहे', 'जेवले', 'ठेवते' यापलीकडे चौथा शब्द नाही. आणि आता एकदम आफ्रिकेच्या महोत्सवाला ये म्हणते! माझ्या मनात पाल चुकचुकली. मी नवऱ्याला सांगितलं. ते थर्मलच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जा की मग. लेकरू बोलवायलंय."

"बोलवायलंय, पण कावून? कारण काय?"

"आता कावून म्हंजी? माय हायस तू तिची."

एवढ्यावर माझं समाधान होणं शक्य नव्हतं. मुलगी औषधांच्या कंपनीत कामाला होती, तिचा आफ्रिकेशी काय संबंध? खोलीत तिच्यासोबत केनियाची एक मुलगी राहते, फार्मसी शिकते, एवढं तिनं एकदा सांगितलं होतं. ती मुलगीच आहे कशावरून? आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर अशा परदेशी लोकांबद्दल जे जे फिरायचं ते सगळं मी वाचलं होतं आणि, सांगायला लाज वाटते, चार ठिकाणी पुढेही पाठवलं होतं. पोरीनं परस्पर लग्न केलंय आणि ते गर्दीत सांगायला मला बोलावलंय, म्हणजे मला आरडाओरडा करता येणार नाही, असा माझा अंदाज पक्का होत चालला.

ती घरी का येत नव्हती, हे मात्र मला नीट माहीत होतं. कारण तिचे केस.

माझ्या घाटनांदूरच्या माहेरी सगळ्यांचे केस सरळ, सासरीही दिसतील तेवढे सरळच. ही मुलगी वर्षाची झाली आणि तिच्या डोक्यावर एकेक केस स्प्रिंगसारखा गोल व्हायला लागला. कुरळे म्हणजे साधे कुरळे नाहीत, बोट घातलं तर अडकून बसेल असे. बारशाला न आलेली नणंद पहिल्या वाढदिवसाला बीडहून आली. लेकराला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि भरल्या घरात म्हणाली, "वैनी, ही कुणावर गेली ओ? आमच्यात तर न्हाई असलं कुणी."

ती हसत होती. दोघीचौघी हसल्या. सासूबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांचं लाटणं थांबलं आणि परत सुरू झालं. नवऱ्याच्या केसांचा दाखला देता आला असता, पण ते लहानपणापासून बारीक कापायचे आणि केस मुळात कसे आहेत हे कळायच्या आत निम्मे गळालेही होते. नवऱ्यानं कधी वाकडा शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून गल्लीतली कुठलीही बाई पोरीच्या डोक्याकडे बघायला लागली की ती माझ्या चारित्र्याचा हिशोब करते आहे असं मला वाटायचं. लोकांवर संशय घेणारी मी, माझ्यावरच कुणी संशय घेतला तर काय करायचं हे मला शिकवलेलं नव्हतं.

मग मी एकच गोष्ट केली. ते केस कुणाला दिसूच दिले नाहीत.

रोज सकाळी शाळेच्या आधी पोरीला मागच्या दाराच्या पायरीवर बसवायचं, तोंड भिंतीकडे. मी वरच्या पायरीवर. ओंजळभर खोबरेल डोक्यावर थापायचं, टाळूवर कंगवा टेकवायचा आणि खाली ओढायचा. अडकला की अजून जोर. दोन घट्ट वेण्या, वर दुमडून रिबिनी. पोर रोज रडायची. "आई, दुखतंय गं, लई दुखतंय." मी म्हणायचे, "सगळ्याच पोरींच्या वेण्या घालत्यात, त्या न्हाई रडत." आपल्याला शाळा बुडवायची असते म्हणून ही नाटक करते, असा मला दाट संशय होता. मुलं कशी फसवतात हे मला सांगू नका, असा तो थाट. बारावीपर्यंत हे चाललं.

शेवटचा घाव बघण्याच्या कार्यक्रमाचा. स्थळ बीडचं, बरं होतं. मुलाची आत्या मुलीला केस सोडायला लावून बघते असं कानावर आलं, म्हणून मी पोरीला अंबाजोगाईच्या पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून आणले. तिच्या टाळूला त्या औषधानं फोड आले. तरी मी तिला पाट्यासारख्या केसांनी पाहुण्यांसमोर बसवलं. पसंती आली. पुढे तीन-चार महिन्यांनी ती मंडळी अचानक घरी आली, तेव्हा मुळाशी बोटभर कुरळे केस उगवले होते. आत्याबाई चहा न घेता उठल्या. "केस खोटे निघाले, अजून काय काय झाकलंय कुणाला ठाऊक," असं दारात म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पोरीनं बॅग भरली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "आई, आजपासून माझ्या केसांना हात लावायचा नाही. कधीच नाही."

त्यानंतर दोन वर्षांनी हा फोन.

शनिवारी पहाटेची एसटी धरली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, आणि सवयीनं भरलेली खोबरेलाची बाटली. केज गेलं, मांजरसुंबा गेलं. गाडी पुढे जाईल तसा मी मनात जाबजबाब घोळवत होते. मुलीला दोनची वेळ सांगितली होती, पण गाडी एकलाच पोचली आणि रिक्षा करून मी तडक मैदानावर गेले. बेसावध गाठलेलं बरं असतं.

मैदानावर मंडप, रंगीत कापडाच्या झालरी, तळणाचा वास. एका बाजूला उंच ढोल घेऊन काही जण नाचत होते. ते आपसात गुजराती बोलतात हे ऐकून मी लगेच थांबले. म्हटलं, हे कसले आफ्रिकेचे, फसवणूक चालली आहे. शेजारच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, हे सिद्दी लोक, यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी तिकडून आलेले. मग आठवलं, निजामाच्या फौजेत असे लोक होते हे मी स्वतःच वर्षानुवर्षं एका ओळीत शिकवत आले होते. ती ओळ मी परीक्षेला कधी विचारली नाही. निजामाचं राज्य आमच्या बीडवरही होतंच. कुणाच्या घरात कोण कधी मिसळलं याचा छातीठोक जबाब माझी नणंद कुठून देणार होती? हा विचार मला इतका आवडला की मी तो मनात दोनदा केला.

मग मला माझी मुलगी दिसली.

'कुरळ्या केसांची निगा' अशी पाटी असलेल्या मंडपात ती उभी होती. केस मोकळे, डोक्याभोवती वीतभर पसरलेले. मी आधी काय केलं असेल? आजूबाजूला बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. कुणीच वळून बघत नव्हतं. तिच्याशेजारी एक उंच, काळीसावळी मुलगी एका बाईच्या बारीक वेण्या घालत होती. म्हणजे केनियाची मुलगी खरोखर मुलगीच होती. माझा एक मुद्दा गेला. मी मंडपाच्या मागच्या खांबाला टेकले. म्हटलं, बघू आता.

तेवढ्यात एक पुण्याची बाई सहासात वर्षांच्या पोरीला ओढत घेऊन आली. पोरीच्या डोक्यावर तसलंच जंगल, आणि तिनं दोन्ही हातांनी ते घट्ट धरून ठेवलेलं. कंगवा बघूनच तिचे ओठ थरथरायला लागले. माझ्या लेकीनं तिला बुटक्या स्टुलावर बसवलं, हातात तळलेला गोड गोळा दिला आणि केस पाण्यानं ओले केले. मी मनात म्हटलं, आता रडेल.

लेकीनं केसांची एक बट घेतली. ती टाळूजवळ मुठीत घट्ट पकडली. आणि मोठ्या दातांचा कंगवा लावला तो अगदी टोकाला. शेवटचं बोटभर विंचरलं. मग त्याच्यावरचं बोटभर. मग आणखी वरचं. गुंता खालून खालून सुटत गेला आणि कंगवा टाळूशी सगळ्यात शेवटी पोचला. मूठ मध्ये असल्यामुळे ओढ डोक्यापर्यंत जातच नव्हती.

मी वाट बघत राहिले. दुसरी बट, तिसरी बट. अर्धं डोकं झालं. पोरगी गोड गोळा खात पाय हलवत होती. तिची मान बघितली, अगदी सैल होती.

एवढंच होतं? टाळूकडून नाही, टोकाकडून? हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे ते केस चारचौघींत दाखवायला लागले असते. मी खांब धरून उभी राहिले.

गर्दी ओसरल्यावर लेक हात पुसत सरळ माझ्याकडे आली. "कधीची उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"आई. तासभर झाला. मला दिसत होतीस तू."

"मग हाक का न्हाई मारली?"

"फोनवर सांगून तुला पटलं नसतं. तुला पुरावा लागतो. म्हणून तर बोलावलं."

मी विचारलं, "रोज इतकं दुखायचं?"

"मी रोज सांगायचे की गं."

मी म्हटलं, "मला वाटायचं तू नाटक करतीस. चुकलं माझं. लई चुकलं." आणि मग जे पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या मैदानावर सांगून टाकलं, पहिल्या वाढदिवसाला नणंद काय म्हणाली ते, घर कसं हसलं ते. केनियाची मुलगी भाषा पुरती कळत नसतानाही हातातलं काम थांबवून ऐकत होती.

"म्हणून?" लेक म्हणाली.

"म्हणून."

केनियाच्या मुलीनं मला खुर्ची पुढे केली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारे यहाँ भी ऐसे ही बैठते हैं, मौसी. एक आगे, एक पीछे." मी खुर्चीत टेकले. लेकीनं बुटकं स्टूल ओढलं, माझ्याकडे पाठ करून बसली आणि खांद्यावरून मागे कंगवा दिला.

"वर मूठ घट्ट धर. टोकापासून."

मी एक बट धरली, ओली केली, टोकाला कंगवा लावला. बोटभर. मग वर बोटभर.

"दुखतंय का?"

"न्हाई."

मला खरं वाटेना. स्वभाव. मी कंगवा तसाच केसांत राहू दिला, खुर्चीतून उठले आणि पुढे जाऊन तिच्यासमोर उकिडवी बसले. तिनं डोळे मिटलेले होते. कपाळावर आठी नव्हती, दात आवळलेले नव्हते. खरंच दुखत नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं की त्या पायरीवर मी एकदाही अशी पुढे येऊन बसले नव्हते. दहा-बारा वर्षं माझी लेक रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून रडली, आणि तेव्हा तिचा चेहरा कसा दिसायचा ते मला माहीत नाही.