आक्काच्या नावाची भाकरी

पावावर पोट भरणारा आणि पावालाच नावं ठेवणारा माणूस आख्ख्या सोलापुरात एकच, ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे यजमान. बेकरी त्यांची, भट्टी त्यांची, पण पावाचा तुकडा जिभेवर ठेवतील तर शपथ. गिऱ्हाइकानं विचारलं, "पाव मऊ हाय का?" की दाजी खिन्नपणे म्हणत, "मऊ हाय की. त्याचंच तर वाईट वाटतंय." त्यांच्या मते पाव खमिराच्या जिवावर फुगतो आणि भाकरी स्वतःच्या वाफेवर, म्हणून पाव दुसऱ्या दिवशी मान टाकतो आणि ज्वारीची कडक भाकरी महिनाभर ताठ राहते. चपातीला ते पाहुणीचा मान देत, नानला तोही नाही. हैदराबादच्या एका लग्नात पंगत रुमाली रोटीवर तुटून पडलेली असताना दाजींनी पिशवीतली कडक भाकरी काढून अशी कडाकड मोडली की वाजंत्री क्षणभर थांबले.

भाकरी मात्र आक्काच्याच हातची. पापडासारखी पातळ, पेठेत नावाजलेली. पुढं आक्काची मनगटं संधिवातानं धरली, तरी दाजींच्या घरची भाकऱ्यांची चळत काही कमी होईना. नातेवाईक हळहळले. मी तर प्रत्येक लग्नकार्यात तोंडावर म्हणायचो, "दाजी, भाकरीबरोबर माझ्या बहिणीची मनगटं खाल्लीत तुम्ही." सगळे हसत. दाजीही हसत.

एका दुपारी बेकरी बंद होती, म्हणून मी मागच्या दारानं आत गेलो. पाव मळायच्या टेबलावर दाजी भाकरी थापत होते. निवत्या भट्टीच्या तोंडाशी आधीच्या भाकऱ्या वाळत होत्या, आणि खुर्चीत बसून आक्का खडसावत होती, "कड जाड झाली की. पाव हाय व्हय त्यो?"

मला बघून दाजी म्हणाले, "बाहेर बोलू नका, पाव्हणं. तिच्या भाकरीचं नाव हाय. आन् तुमचा टोमणा चालू ठेवा, न्हायतर लोक इचारतील."

मी तो चालू ठेवला. जरा जास्तच चवीनं ठेवला. आमच्या गोतावळ्यात दाजींची ओळख आजही तीच आहे. आक्का आता नाही, म्हणून स्वच्छ सांगतो : शेवटची कित्येक वर्षं ती भाकरी दाजींची होती.

परवा बेकरीत गेलो तर दाजी चहात पाव बुडवत होते. मी बघतच राहिलो.

"भाकरी सोडली?"

"करायला येती की. पण आता कुणाची म्हणून खायची?"

"तुमची म्हणून खा."

"माझ्या भाकरीला कोण वळखतंय, पाव्हणं," म्हणत त्यांनी अर्धा पाव माझ्याकडं सरकवला.

पाव मऊ होता.