जास्तीचं भोक

इंदिरानगरच्या घरात माळा आवरताना परवा इंजिनिअरिंगची एक ड्रॉइंग शीट सापडली. सुरळी उलगडली आणि पेन्सिल-खोडरबराचा वास आला, सबमिशनच्या आठवड्याचा.

तेव्हा दोन स्टुलांवर काच ठेवून, खाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट छापायची पद्धत होती. वर्गातल्या नितीननं माझी शीट अशीच छापली, माझ्याआधी जमा केली आणि वर सरांना म्हणाला, "सर, हिनंच माझं छापलंय." सरांनी माझी शीट सगळ्यांसमोर फाडली.

पुढच्या वेळी तो पुन्हा निर्लज्जासारखा आला. "दे ना गं, तासाभरात आणतो." मी हसून दिली. बेअरिंगच्या त्या चित्रात मी एक जास्तीचं भोक काढून ठेवलं होतं. शीट परत आली तसं ते खोडून टाकलं.

"हे भोक कशासाठी?" सरांनी त्याला विचारलं. खरं सांगितलं असतं तर छापल्याचं कबूल करावं लागलं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी ड्राफ्टरच्या पट्ट्या पुसत होते. त्याचीही शीट फाटली.

परवा शीट खिडकीशी धरली. खोडलेल्या गोलाचा वळ अजून दिसतो. कधीतरी याचं वाईट वाटेल, असं तेव्हा वाटायचं. इतकी वर्षं वाट पाहिली. नाही वाटलं.