शनिवारचा बरणीवाला

दर जानेवारीत आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक घराने एका कागदावर सही करायची असते: आमच्याकडे मोटार नाही आणि यंदाही आम्ही ती बाळगणार नाही. मी सही करताना पेन जरा जास्तच दाबायचो. खालच्या कागदावर ठसा उमटायचा आणि शेजाऱ्याला माझ्या ठशावरच सही करावी लागायची. कळू दे की लोकांना.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या कडेची ही वसाहत म्हणजे पुण्यवान माणसांचं आगर. छपरांवर सौरपट्ट्या, दारोदारी सायकली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी पृथ्वीची काळजी. मी, गेबहार्ड, जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर आणि रहिवासी समितीचा अध्यक्ष. नवीन कुटुंब राहायला आलं की मी स्वतः त्यांना सुटी डाळ विकणाऱ्या दुकानात न्यायचो, रिकामी बरणी आधी कशी वजन करून घ्यायची ते दाखवायचो, आणि जाता जाता मसुराचा इतिहास सांगायचो. त्यातली दोन कुटुंबं वर्षाच्या आत निघून गेली. हवामान मानवलं नसावं.

आणि माझ्याकडे मोटार होती.

राखाडी रंगाची, डिझेलवर चालणारी, मागे ऐसपैस जागा असलेली. ती असायची डोंगराच्या पायथ्याशी एबर्समाट गावात, वालबुर्गाबाईंच्या शेतघरी, पूर्वी बग्गी ठेवायचे त्या खोलीत, कुलूपबंद. कागदोपत्रीही ती बाईंच्याच नावावर होती. म्हणजे माझी सही खोटी नव्हती, असं मी दर जानेवारीत स्वतःला पटवून द्यायचो, आणि मी फार चटकन पटणारा माणूस आहे.

वालबुर्गाबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गाई विकलेल्या, उरली होती सफरचंदांची बाग आणि रिकाम्या खोल्यांची रांग. हिवाळ्यात त्या फ्रिज बंद करून दूध खिडकीबाहेर ठेवायच्या. मी एकदा त्यांना सांगितलं की हे पर्यावरणाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. त्या म्हणाल्या, "थंडी फुकट मिळते, मास्तर. विकत कशाला घेऊ?"

आमची ओळख सफरचंदांवरून झाली. मी सायकलवर गेलो होतो आणि पाच पेट्या पसंत केल्या होत्या.

"पाच पेट्या या सायकलवर नेणार?" त्यांनी विचारलं.

मी काहीबाही बोललो. बोलता बोलता नजर त्या बग्गीच्या खोलीकडे जात असावी.

"जागा हवीय होय?" बाई म्हणाल्या. "मग सरळ विचार की. भाडं नको मला. दर शनिवारी झेन्झीकडे न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. आणि शनिवार सोडून इकडे फिरकायचं नाही."

झेन्झी म्हणजे त्यांची थोरली बहीण. डोंगरापलीकडे तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात होती, दृष्टी जवळजवळ गेलेली. दुसऱ्या कुणाच्या हातून ती धड जेवायची नाही. गावातून तिकडे सरळ बस नव्हती, आणि शनिवारी दुपारनंतर तर कुठलीच नव्हती. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. बहिणीला घास भरवायला जायचं तर कुणीतरी न्यायलाच हवं होतं.

मग माझे शनिवार सुरू झाले. बाईंना वृद्धाश्रमाच्या दारात सोडायचं आणि तिथून थेट हमरस्त्यावरच्या त्या अवाढव्य स्वस्त दुकानात. प्लास्टिकच्या पिशव्यांतली डाळ, प्लास्टिकमधला तांदूळ, स्पेनहून ट्रकने आलेल्या अवेळी स्ट्रॉबेऱ्या. सगळं गाडीत भरायचं आणि मागच्या सीटवर मांडी ठोकून डाळी काचेच्या बरण्यांत ओतायच्या. सुट्या डाळीच्या दुकानात त्याच डाळीला तिप्पट भाव पडायचा, आणि तत्त्वं पाळायला माझी ना नाही, पण निवृत्तिवेतन तत्त्वांवर मिळत नाही. बरण्या सायकलच्या टोपलीत घालून मी वसाहतीत शिरलो की लोक कौतुकाने बघायचे. रिकाम्या पिशव्या मी बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचो.

"पृथ्वी तुमच्या वसाहतीच्या फाटकापाशी संपते का रे?" एकदा बाईंनी डब्याचं झाकण उचलून विचारलं.

"तसं नाही, वालबुर्गाबाई. हे तात्पुरतं आहे."

"असू दे. डबा मोठा आहे माझा."

संध्याकाळी त्यांना आणायला गेलो की झेन्झीच्या खोलीच्या बंद दाराआडून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. या वयात एवढं हसायला काय सापडतं, याचं मला नवल वाटायचं. मी आल्यामुळे त्या माउलीला बहीण भेटते, या विचाराने मला भरून यायचं. परतीच्या वाटेवर मी बाईंना मिथेन वायूविषयी सांगायचो. त्या बऱ्याचदा झोपलेल्या असायच्या.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं, पण विबके आली. विबके पेटरसन, उत्तरेकडून आलेली तरुण शिक्षिका, बोलायला सडेतोड आणि मनात कणभर शंका नाही. सप्टेंबरच्या समितीच्या सभेत ती म्हणाली, "या वर्षीची सायकल सहल एबर्समाटला नेऊ या. तुम्ही सगळे तिथल्या त्या आजींकडून सफरचंदं आणता ना? खरं साधं जगणं कसं असतं ते मुलांना दिसेल."

मी लगेच म्हटलं, "रस्ता फार चढाचा आहे."

दातांचे डॉक्टर झायलर म्हणाले, "तिथे कुत्रा आहे. चावरा." बाईंकडे कुत्रा नव्हता.

आमचे पाद्री आन्सेल्म म्हणाले, "वृद्धेच्या एकांताचा मान राखावा."

योग शिकवणाऱ्या रोझविटाने डोळे मिटून सांगितलं, "त्या जागेची ऊर्जा बरी नाही."

मी तिघांकडे पाहिलं. तिघांनी माझ्याकडे. प्रत्येकाच्या घरी तीच सफरचंदं यायची. मग आठवलं, बाईंच्या अंगणात बग्गीच्या खोलीशेजारी तंबाखू सुकवायची शेड होती, पलीकडे डुकरांचा गोठा होता, गवताची कोठी होती, आणि प्रत्येकाला वेगळं कुलूप होतं. शनिवार सोडून फिरकायचं नाही. म्हणजे इतर वार इतरांचे. मला एवढा राग आला की काय सांगू. इतकी ढोंगी माणसं माझ्या समितीत!

ठराव मात्र विबकेच्याच बाजूने झाला. मुलांच्या शिक्षणाला उघड विरोध कोण करणार? तारीख तिनेच ठरवली. शनिवार.

त्या दिवशी आमची वरात एबर्समाटला पोचली. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, झायलरांच्या मालवाहू सायकलच्या पुढच्या पेटीत रसाचे क्रेट. बाईंनी अंगणात टेबलं मांडली होती, पाव आणि चीज ठेवलं होतं. आम्हा चौघांकडे त्यांनी असं पाहिलं की जन्मात कधी भेटलेल्या नाहीत. "या, या. तुमच्यापैकी कोणी आधी आलंय का इकडे?" मी पावाचा एवढा मोठा घास घेतला की उत्तर द्यायची सोयच उरली नाही.

मी मुलांना दुधाच्या खिडकीविषयी सांगत होतो, तेवढ्यात आत फोन वाजला. बाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. अंगात काळा कोट, हातात पर्स आणि आलुबुखाराच्या केकचा डबा.

"झेन्झीच्या छातीत पाणी झालंय," त्या म्हणाल्या. "यायचं तर आजच या, म्हणाले."

माझ्या विजारीच्या खिशात किल्ली होती. ती मला मांडीला टोचत होती.

"आजी, तुम्हाला कुणीतरी न्यायला हवं!" विबके म्हणाली. "इथे कुणाकडेच गाडी नसणार. टॅक्सी?"

टॅक्सी शहरातून यायला तास लागणार होता, तीही मिळाली तर. पाद्रीबुवा म्हणाले, आपण आधी प्रार्थना करू. रोझविटा फोनवर भाड्याची गाडी शोधू लागली, तिला जवळातली जवळ सापडली ती फ्रायबुर्गच्या स्टेशनवर. मी म्हणालो, "बसचं वेळापत्रक बघायला हवं." हो, मीच म्हणालो. ज्या बाईला मी वर्षानुवर्षं शनिवारीच घेऊन जात होतो, तिला मी बसचं वेळापत्रक सांगत होतो.

बाईंनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तर आमचं पितळ तिथेच उघडं पडलं असतं. त्या बोलल्या नाहीत.

तेवढ्यात झायलरांना स्फुरण चढलं. "मी नेतो! माझ्या सायकलच्या पेटीतून!"

मध्ये अख्खा डोंगर होता. पण बाईंनी मान हलवली, क्रेट स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले, आणि त्या पेटीत बसल्या. लहान मुलांना शाळेत न्यायची ती पेटी. काळा कोट, गुडघे हनुवटीशी आलेले, मांडीवर केकचा डबा.

"चला," त्या म्हणाल्या.

झायलरांनी पायडल मारलं. फाटकाबाहेरचा चढ सुरू झाला आणि सायकल हेलकावे खाऊ लागली. बाईंनी एका हाताने पेटीची कड धरली आणि दुसऱ्याने डबा. मागे वळून पाहिलं नाही. चिंचोळ्या खांद्यांवर तो कोट आणि वर पांढरा अंबाडा, एवढंच दिसत होतं. डॉक्टर दहा-बारा हात गेले आणि पाय टेकून धापा टाकू लागले. बाई तशाच बसून राहिल्या, पुढे बघत.

मला वाटलं, आता यांच्यापैकी कुणीतरी हलेल. पाद्री तरी. अगदी शेवटपर्यंत मी त्याचीच वाट पाहत होतो, हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. मग माझ्याच्याने ते बघवेना. मी हेल्मेट काढलं, बग्गीच्या खोलीपाशी गेलो आणि खिशातून किल्ली काढली. मागे सगळी वसाहत उभी.

दार उघडल्यावर एक पोरगं म्हणालं, "अय्या, मोटार!"

"ही कोणाची?" विबकेने विचारलं.

"माझी," मी म्हणालो. इतका छोटा शब्द मी त्या समितीत कधी बोललो नव्हतो.

गाडी बाहेर काढताना मागच्या काचेला बरण्या खणखणल्या. आरशात दिसलं, विबके इतर कुलपांकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होती. खिडकी उघडी होती, म्हणून पाद्रीबुवांचं उत्तरही ऐकू आलं. "गवत असेल, मुली. गवत."

चढावर मी बाईंना पेटीतून उतरवून गाडीत बसवलं.

"वालबुर्गाबाई, मला माफ करा. मला वेळ लागला."

"पुढे बघून चालव," त्या म्हणाल्या.

मिथेनविषयी मी चकार शब्द काढला नाही. हमरस्त्यावर ते अवाढव्य दुकान आलं आणि गेलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग डबा मांडीवर नीट केला.

वृद्धाश्रमात मी पहिल्यांदाच त्या दाराच्या आत गेलो. झेन्झी उशांना टेकवून ठेवलेली, नाकाशी नळी, श्वास घरघरत होता. पण जिवंत होती. बाई कोट न काढताच तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"झेन्झी, आले गं मी."

तिने डोळे किलकिले केले. "वार कोणता?"

"शनिवार."

"म्हणजे बरणीवाला." ओठांच्या कडा हलल्या. दाराआडून एवढं हसू कशाचं येतं, ते मला तेव्हा समजलं. सोमवारचा डॉक्टर, बुधवारचा पाद्री, योगवाली, सगळ्यांची तिथे हजेरी लागत असणार. "आहे का इथे?"

"आहे," मी म्हणालो.

"काय रे बरणीवाल्या, आज कोणती डाळ आणलीस?"

"आज नाही, झेन्झीबाई. आज दुकानात गेलोच नाही."

"मग आलास कशाला?"

वालबुर्गाबाई केकचा तुकडा मोडत होत्या.

"माझ्यासाठी आलाय," त्या म्हणाल्या.

"पहिल्यांदाच," झेन्झी म्हणाली, आणि तिने केकसाठी तोंड उघडलं.