प्रसेनजीतचं 'घावलं'

प्रसेनजीतला पुण्यात बरी नोकरी होती, गार ऑफिस होतं, शनिवार-रविवार सुट्टी होती. एवढं सगळं सुरळीत चालू असताना माणूस कोल्हापूरला परत येतो म्हणजे त्याचं तिकडं काहीतरी बिनसलं असणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं. बिनसलं काही नव्हतं. त्याला स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं होतं. पण २००१ साली आमच्याकडं 'सॉफ्टवेअर काढतोय' म्हटलं की लोक काळजीनं विचारायचे, 'कशातनं?'

कल्पना मात्र खरंच चांगली होती. शिरोली एमआयडीसीत गणपतरावांची फाउंड्री. लोखंड ओतायचं तर आधी लाकडी पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबून काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. असे अकराशे पॅटर्न गोदामात रॅकवर पडलेले, आणि कुठला कुठं आहे हे सांगणारा माणूस एकच. दिलदारचाचा, एकतीस वर्षांचे स्टोअरकीपर. चाचा रजेवर गेले की निम्मी फाउंड्री हात चोळत बसायची. प्रसेनजीतनं ठरवलं, चाचांच्या डोक्यातलं सगळं कॉम्प्युटरात भरायचं. पॅटर्नचं नाव टाका, रॅक आणि कप्पा पडद्यावर हजर. सॉफ्टवेअरचं नाव त्यानं ठेवलं 'घावलं', म्हणजे आमच्या भाषेत सापडलं.

वडील भाऊसो एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले. गाडी चालती का बंद पडती, एवढाच त्यांचा हिशोब, आणि पोराच्या धंद्यालाही त्यांनी तोच लावला. "दसऱ्यापतोर बघू. एक तरी फाउंड्री तुझं ते वापराय लागली तर ऱ्हा. न्हाईतर पुण्याची गाडी धर." प्रसेनजीतनं शब्द दिला. आई ललिताबाईंनाही दसराच पाहिजे होता. बाबासाहेबांच्या दीक्षेचा दिवस, त्या दिवशी सुरू केलेलं काम अडत नाही, असं त्या सांगायच्या, आणि आपण मुहूर्त मानत नाही हेही त्याच दमात सांगायच्या.

झालं. आठ महिने पोरगं राबलं. दिवसभर वही घेऊन चाचांच्या मागं हिंडायचं आणि लिहिलेलं कॉम्प्युटरात भरायचं. चाचा कंटाळून म्हणायचे, "लिही बाबा, लिही. आमची खैरुनबी बी माझं इतकं ऐकत न्हाई." शेवटी अकराशेच्या अकराशे पॅटर्न भरून झाले. गणपतरावांनी सांगितलं, "दसऱ्याला मुहूर्ताचा पॅटर्न तुझ्या मशिननं काढायचा. घावला तर मशीन ठेवतो. न्हाई घावला तर उचलून न्यायचं."

मग शेवटचा आठवडा या शहाण्यानं काय केलं? घरी बसून पडद्यावरच्या बटणांचे रंग ठरवले. हिरवं का निळं, यात चार दिवस गेले.

खंडेनवमीला तो एकदा तपासून बघायला फाउंड्रीत आला. गोदाम नुसतं लखलखत होतं. रॅकना ताजा रंग, पॅटर्नवर धुळीचा कण नाही. प्रसेनजीत खूश झाला. आपल्यासाठीच आवरलंय, असंही त्याला जरा वाटलं. कॉम्प्युटरला झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं. त्यानं बटणाकडं हात नेला तसं चाचांनी मनगट धरलं.

"आज हत्यारं पुजल्यात. उद्यापतोर हात लावायचा न्हाई."

"चाचा, तुम्हीसुद्धा?"

"एकतीस वर्सं झेंडू मीच आणतोय."

दसऱ्याला सकाळी साठ-सत्तर माणसं कॉम्प्युटरभोवती गोळा झाली. गणपतरावांनी पॅटर्न सांगितला, "आठ नंबर पंपाचं झाकण." प्रसेनजीतनं नाव टाकलं. पडदा हिरवागार झाला. घावलं, रॅक चौदा, कप्पा तीन. तो स्वतः ऐटीत गेला आणि कप्प्यातनं मळणी मशीनचं चाक घेऊन परत आला. पुन्हा गेला. शेजारचे कप्पे बघितले. तोवर चाचांनी सहा नंबरच्या रॅकमधनं झाकण काढून गणपतरावांच्या हातात ठेवलं होतं.

"पण चौदा नंबर तुम्हीच सांगितला होता," प्रसेनजीत म्हणाला.

"सांगितलाता की. पर खंडेनवमीच्या आधी सगळे पॅटर्न खाली काढून पुसायचे, रॅक रंगवायचे, मग सोयीनं परत लावायचे. दरसालचं हाय. तू इचारलंस कुठं?"

माणसं पोट धरून हसली. प्रसेनजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द म्हणजे शब्द, आता पुणं. तो खाली वाकून प्लग काढायला लागला.

"मालक, ऱ्हावू दे ते," चाचा म्हणाले.

"आरं, जिंकलास की तू," गणपतराव म्हणाले.

"परवाच ठेवलंय म्हणून घावलं." चाचांनी टोपी काढून हातात घेतली. "श्रावणात ट्रॅक्टरचा मोठा पॅटर्न घावंना, तवा मी म्हटलं, गिऱ्हाईकानं न्हेला. तुम्ही त्या माणसासंगं भांडलासा. कुणी न्हेला नव्हता. मीच ठेवलाता, मलाच आठवंना. म्हैन्याभरानं घावला, तवा गप बसलो. मागचं आता डोक्यात ऱ्हात न्हाई, मालक."

गणपतरावांनी हातातलं झाकण कॉम्प्युटरशेजारी ठेवलं. मग प्रसेनजीतला म्हणाले, "परत सगळं भराय किती दिस?"

"दहा. चाचा संगं बसले तर."

"बसव. आणि पुढल्या साली रंगाच्या आधी हजर ऱ्हा."

माणसं पांगली. प्रसेनजीतनं प्लग परत घातला, दुसरं स्टूल ओढलं आणि चाचांना बसवलं. पहिला रॅक, पहिला कप्पा. चाचांनी वर बघितलं, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नाव येत नव्हतं. एकतीस वर्षं ज्याला हात लावला त्याचं नाव येत नव्हतं. प्रसेनजीतनं त्यांच्याकडं बघितलं नाही, सुचवलं नाही. बोटं कीबोर्डवर ठेवून तो बसून राहिला. घरी भाऊसो फोनजवळ वाट बघत होते, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.