मावशींच्या बंद खिडक्या

पाळणाघराच्या मावशींचा उकळत्या पाण्यावर फार भरवसा. खेळणी उकळायच्या, चमचे उकळायच्या, दुपटीही सोडायच्या नाहीत. नवरा म्हणायचा, "एक दिवस मलाही घालशील पातेल्यात." "घातलं असतं हो, पण मावाल तर ना!" आणि पोरांना वारा लागू नये म्हणून खिडक्या कायम गच्च बंद.

गोट्या शेंबडा, लाल डोळ्यांचा, खोकत आला. "साधी सर्दी आहे," असं म्हणून बाप पळाला. मावशींनी त्याचं ताट वेगळं केलं, खेळणी वेगळी केली, त्याला कोपऱ्यात बसवलं. तीन दिवसांनी कानामागून लाल पुरळ उमटलं.

"गोवर," डॉक्टर म्हणाले.

"पण मी त्याला कुणाला शिवू दिलं नाही!"

"गोवराला शिवावं लागत नाही, मावशी. पोरगं खोकलं की तो हवेत. पोरगं घरी गेलं तरी याचा बंद खोलीत दोन तास मुक्काम. आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच वाटप सुरू."

"मग मी इतके दिवस काय उकळत बसले?"

डॉक्टरांनी सभ्यपणे खोकल्यासारखं केलं.

गोट्याच्या बापाने लस पुढे ढकलली होती. म्हणे, लशीने ताप येतो. "आता आला ना? बिनलशीचा!" मावशी कडाडल्या. बाकीच्या पोरांची लस झाली होती. राहिली पिटुकली, पाच महिन्यांची. तिचं लशीचं वयच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तिला आजच मोठ्या दवाखान्यात न्या, लस नव्हे, तयार संरक्षण देणारं एक इंजेक्शन मिळेल. उशीर झाला तर उपयोग नाही.

मावशींनी पिटुकलीच्या आईला फोन लावला.

"अहो, तुम्हीच सांगत होता ना, आमच्याकडे सगळं आरशासारखं लख्ख!"

"सांगत होते. तू आधी तिला घेऊन नीघ, बाई. भांडण मग."

फोन आपटला गेला. मावशी खिडकीला भिडल्या. कडी गंजून बसलेली, रंगाने चिकटलेली. नवरा हातोडी घेऊन आला. "मी किती वर्षं सांगतोय—"

"बोलू नका. ठोका!"

संध्याकाळी फोन वाजला. "दिलं इंजेक्शन. आता काही दिवस लक्ष ठेवायचं. अजून खात्री नाही म्हणाले." मग तिनेच विचारलं, "खिडक्या उघडल्या का?"

"मोडल्या."

"बरं. आता भांडते."

मावशींनी स्टूल ओढलं, उघड्या खिडकीपाशी बसल्या आणि फोन कानाला घट्ट धरला. "बोल."